खिळ्यावरचे अकरा बॅज

आणि मी काय समजून परत आले होते, सांगू? की आमचे बाबा म्हणजे सुरक्षिततेचा चालताबोलता नमुना. बावीस वर्षं पाइपांच्या वेल्डिंगचे फोटो काढतात, आत कुठे चीर राहिली का ते बघायला, आणि तेही किरणोत्सर्गाने... छातीवर बॅज लावायचा, अंगात किती किरण गेले ते बॅजवर उमटतं, दर तीन महिन्यांनी तपासून येतं, आणि बाबांचं रीडिंग कायम शून्य. तुम्हाला सांगते, त्या शून्याच्या जोरावर मी चार वर्षं परक्या देशात शिकताना मान ताठ करून फिरले. मग बाबांच्याच कारखान्यात सुरक्षा अधिकारी म्हणून लागले, पहिल्याच दिवशी स्टोअरचं दार लोटते तर काय... दारामागे खिळा, खिळ्याला अकरा बॅज, सगळ्यात वर बाबांचा, धूळ खात.

पण रीडिंग? शून्य. खिळ्याच्या अंगात कुठून जाणार किरण?

स्टोअरवाले काका म्हणतात कसे, "अगं पोरी, बॅज भरला की माणसाला घरी बसवतात. इथं कसा सुरक्षित राहतो." बॅज, हं... बॅज सुरक्षित.

घरी येऊन बाबांना धारेवर धरलं. ते शांतपणे म्हणाले, "घरी बसलो असतो, तर तू शिकली असतीस का गं?"

आता यावर बोला. आणि आई रोज सकाळी त्यांच्या शर्टाची बटणं लावते ना, मला वाटायचं, काय प्रेम आहे या वयात... आई म्हणाली, "प्रेम कसलं डोंबलाचं, बोटांना बटण कळत नाही त्यांच्या. सहा वर्षं झाली."

पण रीडिंग? शून्य.

दुसऱ्या दिवशी सकाळी ठरवलं. अर्ज लिहिला, अकराही जणांना या कामावरून उतरवा, डॉक्टरकडे पाठवा. पहिलं नाव बाबांचं, नावापुढे सही हवी. मला वाटलं, कागद भिरकावतील. तर चहा बाजूला ठेवून म्हणाले, "आण. माझी पोर तर झाली शिकून." पेन धरलं, सुटलं. पुन्हा धरलं, पुन्हा सुटलं. म्हटलं, "राहू द्या बाबा, अंगठा चालेल."

शाईत बुडवून टेकवला... नुसता निळा डाग. रेषा एक नाही, सगळ्या पुसून गेलेल्या. बाबांनी कागद उचलला, फिल्म धरतात तसा खिडकीच्या उजेडात धरला, आणि म्हणाले, "वेल्ड पास. कुठे चीर नाही."

अर्जाला बॅजचा रिपोर्ट जोडणार होते मी. नाही जोडला. तो अंगठाच पाठवला... बावीस वर्षांत बाबांचं तेवढं एकच रीडिंग खरं आलंय.