राहुकाळात गाडी थांबवायची नाही

तर मी काय म्हणते, ‘पडली तरी एकट्याला उचलता येते’, हे काय गाडी विकताना सांगायचं झालं? म्हणजे पडणार हे ठरलेलंच की! गिंडीचा तो मेकॅनिक राजगोपाल, लष्करानं काढून टाकलेली हिरवी मोटारसायकल थोपटत आमच्या वेंकोबाला सांगतोय, लहान गाडी चिखलात रुतते, मोठी पडली तर चौघं लागतात, ही मधली, आडवाटेला हीच घ्या... आणि आमचा नातू, रेल्वेच्या हापिसातला कारकून, मान डोलावतोय, आणि शेजारी हे सगळं ऐकत उभी कोण? मी.

मला का नेलं ते ऐका. माझी थोरली बहीण कनकाक्का मधुरांतकमच्या पुढं सात मैल आत राहते, कालव्याच्या कडेनं मातीची वाट, बस जात नाही, पूर्वी बैलगाडी मिळायची ती पण बंद झाली, सहा वर्षं झाली तिचं तोंड बघितलं नाही. मी सत्तरीची, ती चौऱ्याहत्तरची, आता काय ती मला कळवून थोडीच जाणार... वेंकोबा म्हणाला, “आजी, ही गाडी घेतली की तुला अक्काआजीकडं नेतो. तू फक्त वेळ बघून दे.”

वेळ बघून दिली, तिथंच चुकले. रविवार, साडेचार ते सहा राहुकाळ, त्यात नवं काही सुरू करायचं नाही, म्हणून मी बजावलं, साडेचाराच्या आत चाकं हलली पाहिजेत. तर गाडी चालू होईना. राजगोपाल लाथ मारतोय, वेंकोबा मारतोय, मी भिंतीवरच्या घड्याळाकडं बघतेय, चार वीस, चार पंचवीस... एकदाची धडधडली, तुम्हाला सांगते, माझे दात वाजायला लागले, आणि मी तर अजून जमिनीवरच उभी होते. राजगोपाल म्हणतो, “पाट्टी,” म्हणजे त्याच्या भाषेत आजी, “बसा लवकर, गल्लीच्या तोंडापर्यंत तरी घरातलं थोरलं माणूस पाहिजे.” आणि लुगडं सावरत, दोन्ही पाय एका अंगाला टाकून, मागं बसली कोण? मी.

गल्लीचं तोंड आलं. म्हटलं, थांबव.

“थांबवली तर बंद पडेल, आजी.”

“मग परत चालू कर.”

“राहुकाळात?”

माझंच शास्त्र. तांबरम गेलं, म्हटलं सहा कधी वाजणार, चेंगलपट्टू आलं आणि रेल्वेचं फाटक बंद, मालगाडी काही संपेना, आणि हा बाबा थांबायचं नाही म्हणून फाटकापुढं गोल गोल फिरतोय, मोटारीतली माणसं डोकी बाहेर काढून बघतायत, एक टोपलीवाली तर हात जोडून उभी राहिली, देवाची फेरी आहे म्हणून की काय, आणि त्या फेरीतला देव कोण? मी.

कालव्याची वाट लागली तेव्हा सहा वाजून गेले होते. म्हटलं, आता तरी थांबव. “आता आलोच की, आजी.” खड्डा, गोटा, म्हैस, परत खड्डा... माझी हाडं कुठली कुठं गेली त्याचा मला अजून पत्ता लागलेला नाही.

पण आलो. तुम्हाला सांगते, अक्काचं दार दिसलं आणि माझ्या डोळ्यांना पाणी आलं. मी उतरले, म्हणजे आधी पाय उतरले, मागून बाकीची मी. अक्का बाहेर आली, वाळली होती, पण ताठ. मी हात पसरले, “अक्के...” ती माझ्या कडेनं पुढं गेली, गाडीभोवती एक चक्कर मारली, आणि वेंकोबाला म्हणते, “ह्याच्यावर चढायचं कसं रे?”

चौऱ्याहत्तर वर्षांची बाई, पदर खोचून चढली, आणि तळ्याला वळसा घालून येतो म्हणत दोघं निघाली पण. सहा वर्षांचं बोलणं साठवून आणलं होतं हो मी... तर निघता निघता मान वळवून अक्का मला काय म्हणाली? “चुलीवर आधण आहे, तेवढे तांदूळ वैर.”

काय करता, वैरले.