अबोला आणि भूल

ऑपरेशननंतरच्या खोलीत तिला नुकती जाग आली होती. मनातल्या मनात ती देवाचं नाव घेत होती, पण कान पडद्यापलीकडच्या खाटेकडे लागले होते.

“आजी, या शेजारी कोण उभ्या आहेत?”

“...”

“ओळखत नाही? मग वॉर्डात पाठवता येणार नाही. डॉक्टरांना बोलावते.”

“सिस्टर, त्यांची भूल उतरलीय. मी धाकटी जाऊ. अकरा वर्षं अबोला आहे आमचा.”

“मग आलात कशा?”

“अबोल्यात यायचं नाही, असं कुठे ठरलं होतं?”

“पण मला तोंडानं उत्तर लागतं.”

“ओठ बघा कसे घट्ट मिटलेत! शुद्धीत असल्याशिवाय जमेल का?”

“माझ्या कागदावर ही खूण नाही. बोलावतेच डॉक्टरांना.”

“अगं धाकटे, सांग ना हिला, मी चांगली शुद्धीवर आहे म्हणून!”

“बोललात! जाऊबाई, आधी तुम्ही बोललात!”

“गुंगीतलं बोलणं धरायचं नसतं.”

“सिस्टर, कागदावर काय लिहिलंत?”

“पूर्ण शुद्धीवर. दहा वाजून वीस मिनिटं.”

पलीकडून दबलेलं हसू ऐकू आलं.

“पांघरूण ओढ वर. आणि दात काढू नकोस.”