चिठ्ठ्या तिकडे, माल इकडे

पैलवान : एक बोट गेलं, नऊ उरली. सही कर ताई, नाहीतर भावाला घास भरवावा लागेल.

धाकटा : कर गं ताई! हाडाचा चुरा केलाय याने हातोडीने!

ताई : हात वर धर, रक्त थांबेल. बाकी दोघांच्या सह्या कशा मिळवल्यास रे?

पैलवान : पहिल्याने शहाण्यासारखी दिली. दुसऱ्याने दिली, पण आरडाओरडा केला. आता नाही करणार.

ताई : मारलास? दोन लेकरांचा बाप होता तो!

पैलवान : पाचांतल्या तिघांनी सही केली की तिजोरी उघडते. तुझ्या भावानेच सांगितलं, दोन पेग पोटात गेल्यावर.

धाकटा : चुकलो गं.

ताई : जीभ चालते तशी अक्कल चालली असती तर! पैलवान, नीट ऐक. आमचा हा पूल आहे. दोन ब्लॉकचेन, म्हणजे डिजिटल नाण्यांच्या दोन खातेवह्या, एकीचं दुसरीला कळत नाही. लोक इकडे नाणी तिजोरीत अडकवतात, आम्ही तिकडे तेवढ्याच चिठ्ठ्या देतो. चिठ्ठी परत आली की नाणं सुटतं. तिजोरीच रिकामी झाली, तर—

पैलवान : पुराण पुरे!

(हातोडी पडते. धाकटा किंचाळतो.)

ताई : थांब, हरामखोरा! करते. ही बघ, केली.

पैलवान : आली! सगळी आली माझ्या खात्यात. घेऊन जा तुझं रत्न. आजपासून मालकासाठी लोकांची हाडं मोडायची चाकरी बंद.

ताई : म्हणजे मालकाने नाही पाठवलं तुला?

पैलवान : त्याला कशाला कळायला हवं?

ताई : अरे, त्याची सगळी पुंजी कुठे आहे?

पैलवान : तिकडे, पुलापलीकडे. रोज मोबाइलवर बघत बसतो.

ताई : तिकडे नाणी नसतात रे. चिठ्ठ्या असतात. मघाशी तेच सांगत होते. त्याचा माल या तिजोरीत होता.

पैलवान : होता म्हणजे?

ताई : तू आत्ता नेलास. त्याच्या हातात आता नुसती रद्दी. आणि नाणी कुठे गेली, ते अख्ख्या जगाला दिसतं. कुठल्या खात्यात घेतलीस?

पैलवान : पगार येतो त्या.

ताई : ते कुणी उघडून दिलं?

पैलवान : त्यानेच.

धाकटा : ताई, याचा फोन वाजतोय.

ताई : उचल ना पैलवान. दहाही बोटं शाबूत आहेत तुझी, अजून.