सोयीनं देईन

मोठ्यांची भीड किती महाग पडते, ते मला विचारा. माझ्या इंजिनिअरिंगच्या फीचे पैसे अण्णांनी, म्हणजे माझ्या वडलांनी, काकाला उसने दिले. काकाचं औरंगपुऱ्यात कापडाचं दुकान. फी भरायच्या आत परत करतो म्हणाला. मीच हट्ट धरून त्याच्याकडून वचनचिठ्ठी लिहून घेतली, रेव्हेन्यू स्टॅम्पावर सही करून.

काका लिहीत होता, "मागाल तेव्हा देईन." अण्णांनीच त्याला अडवलं. "असं नको रे. सावकारासमोर बसल्यासारखं वाटतं. सोयीनं देईन, असं लिही."

काकाच्या दुकानाला नवी पाटी लागली, माझी ॲडमिशन गेली. मी अण्णांना ओढत वकिलाकडं नेलं. वकिलानं चिठ्ठी वाचली.

"सोयीनं म्हणजे कधी?"

"त्याला जमंल तवा," अण्णा म्हणाले.

"मग ही वचनचिठ्ठीच नाही. कायद्यात वचन बिनशर्त लागतं. दुसरा काही पुरावा?"

"रोख दिले, साहेब. सख्खा भाऊ हाय, पुरावा कशाला ठेवू?"

"मग बघा आता त्याच्या सोयीची वाट."

भाऊ ओशाळू नये म्हणून या माणसानं पोरगं घरी बसवलं, आणि वर त्याला माणुसकी म्हणतो. आता मी चिकलठाण्याला एका कंपनीत पॅकिंगला जातो. परवा जेवताना अण्णांनी हळूच विचारलं, "कॉलेज पुन्हा कधी धरायचं, बाळा?"

मी भाकरी मोडत म्हणालो, "सोयीनं, अण्णा."