आमश्याच्या आजाराचं नाव

"हॅलो? … हो, बोल स्वप्नाली. … जरा मोठ्यानं बोल, मागे कसला गलका आहे? … अच्छा, चहाची सुट्टी."

विसरवाडीच्या दवाखान्यातली गर्दी नुकतीच ओसरली होती. डॉक्टर सुसाना फोन कानाशी धरून तपासणीच्या खोलीतून बाहेर व्हरांड्यात आली. पलीकडे होती तिची मेडिकल कॉलेजातली रूममेट. ब्राह्मणपुरीची स्वप्नाली आता पुण्यात हॉर्मोनच्या आजारांची तज्ज्ञ होती, आणि आज अशा तज्ज्ञ डॉक्टरांच्या वार्षिक परिषदेला गेली होती.

"अगं हळू… एकदम अहिराणीत सुरू झालीस म्हणजे काहीतरी मोठं शे. … हो, हसते आहे. सांग. … काय मान्य केलं? … मधुमेहाचा पाचवा प्रकार? … म्हणजे आपल्या पोरांचा? … हो… हो… हाडकुळी पोरं, जन्मापासून पोटभर जेवण नाही, इन्सुलिन कमी बनतं. अगं, मला काय सांगतेस, मी रोज बघते त्यांना. … मधुमेहाच्या जागतिक संघटनेनं मानलं? खरंच?"

हायवेवरून ट्रक गेले, तसं तिनं दुसऱ्या कानावर हात ठेवला.

"काहींना पटत नाही? … पुरावा अपुरा म्हणतात? … अपुराच आहे, त्यांचं काय चुकलं? आमच्या डोंगरात मोजायला आलंय कोण? … तू बोलणार आहेस? आज? … बरं. कोणाची केस घेतलीस?"

उत्तर ऐकून सुसाना व्हरांड्यातल्या बाकावर बसली.

"आमश्याची. … हो, रिपोर्ट मीच पाठवले होते. … स्वप्नाली, थांब जरा. … नाही, रिपोर्टात चूक नाही. अगं ऐक ना… आमश्या गेला."

पलीकडचा गलका तेवढा ऐकू येत राहिला. 

"हॅलो? … आहेस ना? … मागच्या महिन्यात. मला तरी कुठे कळलं वेळेवर? … गुजरातेत. उसाच्या तोडीला गेला होता, सगळं घरच गेलं होतं. … नाही गं, साखर वाढून नाही. उतरून."

हे वाक्य तिनं आजवर कुणापाशी उच्चारलं नव्हतं.

"सकाळी त्यानं सुई घेतली. मोठ्या दवाखान्यात ठरवून दिलेला पूर्ण डोस. … हो, पुस्तकातला. पहिल्या प्रकाराच्या पेशंटला देतात तोच. आणि पडावावर, तोडकऱ्यांच्या तळावर, त्या दिवशी पीठच आलं नव्हतं. तसाच फडात गेला. … घाम फुटला, जीभ जड झाली, तोल गेला. बाकीच्यांना वाटलं, पोरगा प्यायलाय. उतरेल म्हणून सावलीला निजवला. … नाही, तो शिवतही नव्हता दारूला. … त्यांना तरी कुठे माहीत होतं? रागावू कोणावर?"

तिनं डोळे पुसले.

"काय लिहिलंयस स्लाइडवर? वाच बरं. … परत वाच. … 'रुग्ण उपचारांत अनियमित'? … साखर वर-खाली होत होती म्हणून? … अगं, जेवण वर-खाली होत होतं त्याचं! … नाही, मी शांतच आहे. … स्वप्नाली, ती ओळ काढ. … परिषदेच्या कमिटीनं मंजूर केली असेल. ती ओळ राहणार असेल तर माझी केस दाखवू नकोस. माझं नावही काढ. … एवढी वर्षं आपण दोघी या दिवसाची वाट बघत होतो, कळतं मला. तरीही. … मग काय लिहू म्हणून विचारतेस? लिही, इंजेक्शन नियमित घेतलं, जेवण मिळालं नाही. … बास. तेवढंच. … हो? नक्की? … बोलताना तुझा आवाज कापला तरी चालेल गं, पण सांग."

दार उघडंच होतं. आत बाकावर आमश्याची आई आशा बसली होती, आणि तिला टेकून ममता, आमश्याची धाकटी बहीण. पोरीच्या मनगटातली बांगडी कोपरापर्यंत सरकत होती.

"आता माझं ऐक. त्याची बहीण आली आहे. … आज. आत्ता माझ्यासमोर. … सारखी तहान, सारखी लघवीला, वजन उतरलंय. साखर खूप वाढली आहे. … तपासली, लघवीत कीटोन नाहीत, पहिल्या प्रकारात सापडतात तसे. शुद्धीवर आहे, श्वासही ठीक. … भावासारखीच. … तेच विचारते, किती देऊ? तिथे मोठमोठी माणसं बसलीत, काय म्हणतात ती? … थोडंच इन्सुलिन, आणि आधी खाणं. डाळ, अंडी, दूध… हो. … पण नेमका डोस? … कोणालाच खात्रीनं माहीत नाही."

सुसानानं उघड्या दारातून ममताकडे पाहिलं.

"नाही, बरं झालं खरं बोललीस. … मग अगदी थोड्यापासून सुरू करते. इथेच ठेवून घेते तिला. साखर पुन्हा पुन्हा बघेन. … रक्त पाठवते तुझ्याकडे, तिचं शरीर स्वतः किती इन्सुलिन बनवतंय ते कळेल. … थांब हं, फोन धर."

इन्सुलिनचं नाव कानावर पडताच आशा उठून उभी राहिली होती. ती इथल्या कोकणा आदिवासींच्या कोकणी बोलीत म्हणाली, "त्या सुईनंच माझा पोरगा नेला. हिला टोचू देणार नाही मी."

सुसाना आत गेली आणि तिच्याच बोलीत बोलू लागली. "काकी, सुईनं नाही नेला. सुई आणि रिकामं पोट, दोन्ही मिळून नेला. हिला इथे आधी ताट मिळेल, मग सुई. तीही थोडीशी. सुई घरी न्यायला सांगणार नाही मी."

"आणि ताट आलं नाही तर?"

"तर सुईही नाही."

 आशा खाली बसली आणि तिनं ममताची पिशवी बाकाखाली सरकवली. मुक्कामाला आल्यासारखी.

"हॅलो… हो, आहे. राहते म्हणाली. म्हणजे, म्हणाली नाही, पण राहते. … काय? ममताची माहिती अभ्यासात घ्यायची? … आज नको. … कळतं गं, अशा पोरींशिवाय पुरावा कुठून येणार? पण त्या बाईनं आज एवढंच पुष्कळ केलंय. थोडं बरं वाटू दे पोरीला, मग मीच विचारीन दोघींना. नाही म्हणाल्या तर नाही. … हो. … बोलावतात तुला? जा, जा. … ती ओळ… बदललीस? आत्ताच? … वाच बरं."

ती डोळे मिटून ऐकत राहिली.

"हं. असंच झालं होतं. … ठेवते मी. डाळ-भात आलाय, पोरगी जेवायला बसली."