मथुराबाई गटाराशी का बसली

मंडळी, सेक्रेटरीसाहेब, आणि सांडोरहून आलेली मथुराबाईची सून कल्पना. मी सातवी शिकलेला माणूस. चारचौघांत बोलायची सवय नाही. आमची सूनबाई म्हणाली, "बाबा, दोन शब्द बोला आणि बसा. भांडण नको." पण आज मी बसणार नाही.

ही बिल्डिंग उभी राहिली तेव्हापासून मथुराबाई आपल्या जिन्याखाली टोपली टेकायची. भाजी केळीच्या पानात बांधायची, वरून केळीच्या सोपाचा, म्हणजे खोडाच्या वाळल्या सालीचा दोरा. कुणी प्लास्टिकची झबला पिशवी मागितली की म्हणायची, "घरातनं कापडी पिशवी आन गो! नवऱ्याचा डबा पिशवीतनं धाडतेस, मग भाजीचीच लाज वाटते?" आपण हसायचो. हसत हसत बाजारातल्या पिशव्यांकडे वळलो.

मग तक्रार आली. कसली? पानं जिन्यात पडतात, घाण होते. पान घाण, मंडळी! आणि पिशवी स्वच्छ! पिशवीत कचरा भरायचा, गाठ मारायची, मागच्या खिडकीतून गटारात सोडायची. घर साफ. मीटिंगमध्ये ठराव झाला, भाजीवालीने गेटाबाहेर बसावं. सह्या झाल्या. माझीही सही आहे. एकटा नाही म्हणालो तर लोक काय म्हणतील, ही भीती.

गेटाबाहेर जागा कुठली? गटारावरची फरशी. तिथे ती बसली. त्या दिवशी गटार तुंबलं, पाणी फरशीवर आलं. टोपली उचलायला वाकली आणि घसरली. खुबा मोडला. अंथरुणाला खिळली, आणि त्यातच गेली.

ती असताना मी भेटायला गेलो होतो. म्हटलं, मथुराबाई, चूक झाली. म्हणाली, "भाऊ, माझं सोडा. गटार काढा आधी. नायतर माझी सून पन पडंल."

मी काढलं. काठीला आकडा बांधून, रोज थोडं थोडं. गाळ थोडाच होता. पिशव्याच पिशव्या! गच्चीवर धुतल्या, वाळवल्या. पिशवी बोलते, मंडळी. एकीत औषधाची चिठ्ठी, नावासकट. एकीवर लग्नाच्या साड्यांचं दुकान. कुणाच्या घरचं लग्न, ते आपण सगळे जेवून आलोय. सेक्रेटरीसाहेब, पंख्याकडे काय बघता? तुमच्याही आहेत.

पहिली कुणाची निघाली? माझ्याच घरची. आत नातीच्या वहीचं पान, नावासकट. ती मी माझ्याच दाराला टांगली. सूनबाई दोन दिवस बोलली नाही.

आता तुमची पाळी. उद्यापासून रोज सकाळी ज्याची पिशवी त्याच्या कडीला. पाहुणे येऊ देत, मुलगी बघायला येऊ देत. मला दया येणार नाही. मथुराबाईची कुणाला आली?

थांबवायचं असेल तर ठराव फाडा. कल्पना उद्या जिन्याखाली बसेल, पानं घेऊन. तुम्ही कापडी पिशवी घेऊन खाली यायचं.

बरं.

आता मथुराबाईसाठी दोन मिनिटं उभे राहू. पण डोळे मिटायचे नाहीत. कल्पना समोर आहे, तिच्या तोंडाकडे बघत उभं राहायचं. ज्याची मान खाली जाईल, त्याच्या दारापासून मी सुरुवात करणार.

उठा.