नवरी निळी का दिसते

चहा नंतर, आधी माझा संताप ऐका. दसरा झाला आणि आमच्या पनवेलच्या फोटो स्टुडिओत मॉनिटरवर प्रत्येक नवरी निळी दिसायला लागली. स्क्रीनला लावून रंग मोजायचं यंत्र असतं ना, त्याने स्क्रीनचे रंग पुन्हापुन्हा जुळवले, म्हणजे कॅलिब्रेट केलं, सॉफ्टवेअर काढून परत टाकलं. तरी निळीच! रंग सुधारून अल्बम छापला, तर नवरी कावीळ झाल्यासारखी पिवळी. नवरीचा बाप दुकानात येऊन वाट्टेल ते बोलून गेला. शेवटी वैतागून ते यंत्र उलटं केलं, तर भिंगावर हळदीचं बोट! त्याला सगळं पिवळं दिसायचं, म्हणून ते स्क्रीन निळी करत होतं.

माझा पार्टनर पांडू, गव्हाणचा. त्याच्यावर ओरडलो, "गाढवा, हे काय?"

"दसऱ्याला आमी सगळ्या हत्यारांना हळद लावतो. यालाबी लावली."

"अरे, पण नेमकी त्याच्या डोळ्यावर?"

"मंग कुठं लावू? त्याला कपाळ हाय का?"